हाडांतले मासे

अंबड, नाशिक
१६ जानेवारी २०२५

चि. चैताली हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल. फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहितो; कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवतो.

रविवारच्या पुरवणीत तुझा लेख आला. धाकट्या बहिणीचा फोटो, खाली 'कार्डिफ'. मी तो नंतरच्या शनिवारी आपल्या घरच्या भजनाला मोठ्याने वाचला. ब्रिटनमधले प्राचीन केल्ट लोक समुद्राजवळ राहायचे, तरी त्यांच्या हाडांत मासे खाल्ल्याची खूण जवळजवळ नाही, हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी छाती फुगली.

पुढचं ऐक. सोसायटीचे चेअरमन भारतराव यांनी तेवढाच तुकडा कापून लिफ्टमध्ये चिकटवला. खाली लिहिलं, परदेशातले लोकसुद्धा मासे वर्ज्य मानत, आपल्या इमारतीत ते चालणार नाहीत. समोरच्या आपल्याच दुसऱ्या फ्लॅटमध्ये ललित आणि आशा भाड्याने राहतात, सुरगाण्याकडचे. आशाचे दिवस भरत आलेत, म्हणून तिची आई भागीबाई गावाहून सुकट घेऊन आली. भारतरावांनी मला बजावलं, महिनाअखेर त्यांना काढा, नाहीतर सभेत ठराव करू.

मी माळकरी. मासा माझ्या घरात आला नाही, येणार नाही. पण असलं लिहिलंस कशाला? तिकडची मेलेली माणसं उकरून इथल्या जिवंत माणसांचं बिऱ्हाड उठवायला?

तुझा,
पुंजाराम


कार्डिफ
१८ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. न.

मी लिहिलं कशाला म्हणून विचारतोस? तू अर्धंच वाचलंस कशाला? उरलेला लेख मागच्या पानावर होता. पान उलटायला काय झालं होतं?

'वर्ज्य' हा शब्द माझा नाही. ते मासे का खात नसावेत, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. शिवाय अधूनमधून थोडे खाल्ले, तर हाडांत खूण उमटतेच असंही नाही. आणि दुसऱ्या मुलखातल्या केल्टांबद्दल एका ग्रीकाने लिहून ठेवलंय की नदीकाठचे, समुद्राकाठचे लोक मासे भाजून खायचे, मीठ, व्हिनेगर आणि जिरं लावून. जिरं, दादा!

भारतरावांनी बजावलं तेव्हा तू काय म्हणालास, ते पत्रात कुठेच नाही. फ्लॅट तुझा. मुंडी हलवून आलास ना? वडिलांवरच गेलास, मोठ्या माणसांपुढे अण्णा उभे राहायचे, तसाच?

मागच्या पानाचा फोटो सोबत पाठवते, छापून घे. सभेत वाच. वहिनीला नमस्कार, रुद्रला पापा. माया असू दे, पण मी रागावलेय हे विसरू नकोस.

तुझी,
चैताली


अंबड, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

चि. चैतालीस अनेक आशीर्वाद.

हो, मुंडीच हलवली होती. तू लांब आहेस, म्हणून राग तुझ्यावर काढला.

सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनानंतर सभा झाली. मी तुझं पान वाचायला उठलो. जिऱ्यापाशी आलो तसे लोक हसले. भारतराव म्हणाले, आता फोडणीपण सांगून टाका. तेवढ्यात मागून आशा उठली. म्हणाली, काका, बसा तुम्ही खाली. त्या लोकांनी मासे खाल्ले असतील तर आम्ही राहायचं, नसतील खाल्ले तर निघायचं, असं हाय का? त्यांची हाडं तपासून झाली, आता माझी तपासणार का? माझ्या चुलीवर काय शिजवायचं ते माझी आई बघेल.

तिचा राग भारतरावांवर होता तेवढाच माझ्यावर होता, आणि तिकडे बसलेल्या तुझ्यावरही. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि सांगितलं, फ्लॅट माझा आहे, भाडेकरू राहतील. नोटीस द्यायची असेल त्याने मला द्यावी. जाताना लिफ्टमधला कागद फाडला.

आशाने आभार मानले नाहीत. कशाला मानावेत? तो लेख इमारतीत आणला मीच. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

भजनी मंडळी आता भारतरावांकडे जमतात. माझ्या दारात वास येतो म्हणे. काल एकादशी होती. मी एकटाच टाळ घेऊन बसलो. पांडुरंगाशीसुद्धा जरा तिरसटच बोललो. मधेच समोरून सुकट भाजल्याचा वास आला. नाकाला उपरणं लावलं, खोटं कशाला सांगू. पण दार लावलं नाही.

माझा राग अजून निवळलेला नाही, पण तो तुझ्यावर नाही. तुझा निवळला की फोन कर.

तुझा,
दादा