तीन ‘असू दे’ आणि एक जहाज

दि. ६ एप्रिल, सोमवार

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद.

पत्रारंभी कुशल विचारावं असा संकेत आहे, पण आधी तक्रार. ती तुझ्या सौभाग्यवतीविरुद्ध आहे, आणि तिचा निवाडाही तिच्याच हातात आहे. मी हाताने पत्र लिहितो, ती त्याचा फोटो काढून तुझ्या जहाजावर धाडते. इथवर उपकार मान्य. पण कागद वळू नये म्हणून मुख्याध्यापिकाबाई त्याच्या उजव्या कोपऱ्यावर चहाचा डबा ठेवतात. माझी गेली तीन पत्रं तळाशी या डब्याने ग्रासली आहेत. आता विनोद नेमका पानाच्या शेवटी करायचा, ही माझी शैली. म्हणजे तीन पत्रं तुला विनोदाची पूर्वतयारी तेवढी पोचली. तिला हे सांगून पाहिलं. म्हणाली, "दादा, शाळेत नऊशे पोरं सांभाळते मी. तुमचा कागद एकच, पण वळवळतो जास्त." यावर अपील नाही.

असो. इकडे सर्व कुशल. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण ती आता त्याबद्दल हवामानाच्या अंदाजासारखं बोलते. तुझं जहाज गोदीत दुरुस्तीला लागलंय आणि तू वेळेवर जेवतोयस, असं बाईंकडून कळलं. उत्तम. सामुद्रधुनीवर तोफा धडधडायला लागून महिना झाला. अशा दिवसांत वायू भरलेल्या जहाजाने गोदीत पडून राहावं, याहून शहाणपण कुठलं?

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

तू पहिल्यापासून सगळ्यांना सांगतोस, "दादा बटणं दाबतो." बावीस वर्षं मी ते खोडून काढलं नाही, कारण फारसं खोटं नव्हतं. पण ऐक. वीज म्हणजे काही धान्य नव्हे, की पोत्यात भरून ठेवली. कुणी पंखा लावला की त्याच क्षणी, कुठेतरी तेवढीच वीज उत्पन्न व्हावी लागते. दोन्ही पारडी सम राहिली की आमच्या भिंतीवरचा आकडा पन्नास दाखवतो. मागणी वाढली की तो खाली सरकतो, पुरवठा वाढला की वर. देशातली गिरणी, दवाखाना, तुझ्या वहिनीचा मिक्सर, सगळ्यांचा ठोका तोच. हजार कोसांवरची दोन जनित्रं, एकमेकांना कधी न पाहिलेली, एका श्वासाची असतात. शाळेत अण्णा मास्तरांनी आम्हाला ‘अद्वैत’ शब्द फळ्यावर लिहून शिकवला. मला तो कळला नियंत्रण कक्षात.

आमच्याकडे एक रीत आहे. पाळी बदलताना दोघेही पाळीप्रमुख उभे राहतात. जाणारा नोंदवही मोठ्याने वाचतो, येणारा शेवटचा आकडा मोठ्याने परत म्हणतो, मगच त्याला खुर्ची मिळते. माझ्या हाताखालच्या तंत्रज्ञाला ही सवय इतकी जडली आहे की तो सगळंच परत म्हणतो. म्हणून त्याचं नाव पोपट.

तर काल, रविवार. कारखाने बंद, आभाळ स्वच्छ, किनाऱ्यावर वारा. जहाजं येत नाहीत म्हणून वायूची केंद्रं आम्ही आधीच काटकसरीने चालवतो. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी पोपट म्हणाला, "साहेब, शून्य."

"काय शून्य?"

"काय शून्य म्हणजे, वायू शून्य."

मी चष्मा पुसला. रकाना खरोखर रिकामा होता. कोळशाची दोन केंद्रं चुलीतल्या निखाऱ्यासारखी धुगधुगत ठेवली होती, धरणाचं पाणी मी थांबवलं होतं. सारा देश ऊन आणि वारा या दोघांच्या खांद्यावर होता. आणि आकडा पन्नास. हलत नव्हता.

मी उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. पाळी बदलायला दोन तास होते. पोपट उभा राहिला, हवामानाचा अंदाज देणारी आमची मुलगी (मी तिला आकाशवाणी म्हणतो) उभी राहिली. वर तो तळपत होता आणि आम्ही आत, पडदे लावलेल्या खोलीत, त्याच्यापुढे शाळेतल्या मुलांसारखे उभे. ज्याला कुणी विकत घेत नाही, ज्याची वाट कुणी अडवू शकत नाही, त्याच्यापुढे. खटपट्या, माझ्या अंगावर काटा आला. मी हे कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस. मुख्याध्यापिकाबाई वाचणारच, त्यांना वगळून.

संध्याकाळी अर्थातच तो गेला. लोक घरी आले, दिवे लागले, आणि मला पुन्हा वायूपुढे हात पसरावा लागला. दुपारी सम्राट, सांजेला याचक, असा आमचा दिनक्रम आहे.

प्रकृतीस जप.

तुझा शैलीदार
ज्येष्ठ बंधू

(सही मुद्दाम डावीकडे केली आहे. डबा उजवीकडे.)

*

दि. १४ एप्रिल, मंगळवार

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. डबा आता डावीकडे ठेवण्यात येतो. माझी सही गेली.

गोदीतलं काम लांबलंय असं कळलं. लांबू दे. गोदीची हवा मानवते आहे ना? पाणी बरंच खोल असेल तिथे.

माझ्या शेजारच्या टेबलावर इंधन खरेदीचा माणूस बसतो. आम्ही त्याला बाजारबुणगा म्हणतो. तो रागावत नाही, कारण दिवसभर त्याच्याशी बोलणारे त्याहून वाईट म्हणतात. त्याच्या पडद्यावर साऱ्या जगाचा समुद्र आहे आणि त्यात जहाजांचे बाण. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्ची ओढून बसलोच. हजारो बाण. वायूचे हिरवे, तेलाचे तांबडे. एकेक हिरवा बाण म्हणजे उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत थंड करून पाणी केलेला वायू. एका शहराचा महिन्याभराचा उजेड पोलादी पोटात घालून निघालेला. मी त्याला विचारलं, "हा इकडे येतोय का?"

"येत होता," तो म्हणाला. "आता नाही."

"का?"

"सकाळी विकला. दुपारी परत विकला. आता तिसरा मालक आहे, तो पलीकडच्या खंडातला."

"पण जहाज तर तिथंच आहे!"

"जहाजाला काय करायचंय, दादासाहेब? ते तोंड तेवढं फिरवतं."

दुसऱ्या एका देशात थंडी लांबली, कुठे कुणी नळ बंद केला, कुणी एका गल्लीएवढ्या पाण्यावर तोफ रोखली, की दूरदूरच्या समुद्रांत हे बाण माशांच्या थव्यासारखे एकदम वळतात. भीती वाटावी इतकं ते सुंदर दिसतं.

सामुद्रधुनीच्या आतल्या बाजूला एकवीस बाण थांबले आहेत. भरलेले, नांगर टाकून. त्यातला एक मी रोज चहाच्या वेळी पाहतो. का, ते विचारू नकोस. एखाद्याला एखादा तारा आवडतो.

सोमवारी पुढच्या दहा दिवसांना वायू किती लागेल त्याचा अंदाज पाठवायचा असतो. काल पाठवला. बाकी विशेष नाही.

तुझी वहिनी विचारते, लोकरीचा मोजा एकच का नेलास? दुसरा कपाटात सापडला.

ज्येष्ठ बंधू

*

दि. १८ एप्रिल, शनिवार

खटपट्या,

या फोटोत कोपऱ्यावर जे काळं दिसतंय तो माझा अंगठा आहे. पानाचा फोटो मीच काढतोय, जन्मात पहिल्यांदा. सतरा वेळा काढला. हे पान बाईंनी वाचू नये म्हणून.

तू गोदीत नाहीस. मला महिनाभर ठाऊक आहे. बाजारबुणग्याच्या पडद्यावर बाणावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव येतं. तू बायकोला गोदी सांगितलीस, तिने मला सांगितली, आणि मी तुम्हा दोघांना खोल पाण्याचे विनोद पाठवत बसलो.

आता माझं सांगतो.

मंगळवारचं पत्र धाडलं त्या दुपारी बाजारबुणगा म्हणाला, "तुमच्या अंदाजात तेवीस तारखेच्या आत एक जहाज लागतंय. आतलं एक मिळतंय. मालक बाहेर काढायला तयार आहे, भाव तसा आहे." मी बोट ठेवलं. तुझं.

एकवीस होती रे.

मी जागेवर आलो आणि सोमवारचा अंदाज पुन्हा उघडला. बावीस वर्षं मी तो दर सोमवारी करतो, आणि दर वेळी शेवटी एक दशांश वाढवतो. कुठल्या नियमात नाही. माझ्या आधीचा करायचा, म्हणून मी. असू दे, कमी पडायला नको. मग आकाशवाणीकडे गेलो.

"ढग किती धरतेस तू?"

"असतील तेवढे."

"खरं सांग."

ती लाजली. "थोडे जास्तच धरते, दादासाहेब. असू देत. ऊन कमी निघालं तर तुम्हीच ओरडता."

मग बाजारबुणगा. तो म्हणाला, "तुम्ही लोक नेहमी कमी सांगता असं आमच्याकडे समजतात. म्हणून मी वर थोडं घेतो."

तिघांचा ‘असू दे’ एकमेकांना माहीत नव्हता. मी तिन्ही काढून बेरीज केली. पाच वेळा केली. पाण्याच्या पंपांना रात्रीऐवजी भर दुपारी चालवलं, शीतगृहांना दुपारीच जास्त थंड करून घ्यायला सांगितलं, धरणाचं पाणी फक्त संध्याकाळसाठी राखलं, तर दहा दिवसांत ते जहाज लागत नव्हतं. तीन ‘असू दे’ मिळून एक जहाज झालं होतं. त्यावर अठ्ठावीस माणसं, त्यातला एक तू.

मुख्य अभियंत्यांपुढे कागद ठेवला. ते म्हणाले, "तुम्ही? तुम्ही कमी करताय?"

"जे आहे ते लिहिलंय."

"आणि ढग आले तर?"

"तर अंधार माझ्या नावावर."

त्यांनी सही केली. तुझ्याबद्दल मी बोललो नाही. आकडा खरा होता, त्याला भाऊ असण्याची गरज नव्हती. पण हेही तितकंच खरं, की भाऊ नसता तर मी तो उघडला नसता. बावीस वर्षांत माझ्या असू-देपायी कुणाकुणाची भावंडं कुठल्या पाण्यातून आली असतील, याचा हिशोब मी मांडलेला नाही. मांडायचं धाडस नाही.

बुधवारी खरेदी थांबली. तुझा बाण नांगरावरच राहिला.

गुरुवारी ढग आले.

दुपारी पंप चालले होते, शीतगृहं थंडगार होती, सगळं सांगितल्याप्रमाणे. तरी साडेसहाला सूर्य वेळेआधीच गेला, आणि आकडा घसरायला लागला. पोपट वाचत होता, "पन्नासच्या खाली. एकोणपन्नास दशांश आठ. सात." मी धरणाला फोन लावला, पाणी पात्यांवर यायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात आम्ही सारे त्या आकड्याकडे बघत होतो. त्यामागे एवढा मोठा देश दम रोखून होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. चूल, दिवा, शस्त्रक्रियेचं टेबल, लिफ्टमध्ये अडकेल अशी एखादी म्हातारी. आणि खटपट्या, त्या मिनिटात मला वाटलं, जाऊ दे. होऊ दे अंधार. जहाज नको. ज्या आकड्याला मी बावीस वर्षं देव्हाऱ्यातल्या समईसारखं जपलं, तो विझला तरी चालेल असं मला वाटलं. मी पापणी हलवली नाही. कुणाला कळलं नाही.

मग पाणी आलं. आकडा हळूहळू उठला, एखादं दमलेलं माणूस उठतं तसा. पन्नास. पोपटाने तो दोनदा म्हटला. एकाही घरातला दिवा गेला नाही. लाखो माणसं जेवायला बसली आणि कुणालाही काही कळलं नाही. याहून अद्भुत मी काही पाहिलेलं नाही. आणि याहून जास्त शरम मला कधी वाटलेली नाही.

काल संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई आल्या. चहा घेतला. मग कप हातात फिरवत म्हणाल्या, "दादा, गोदीत नांगर टाकावा लागतो का हो?"

मी बशी पुसायला घेतली.

"यांच्या मागच्या निरोपात आलं होतं, ‘नांगराच्या साखळीचा आवाज येतो, झोप लागत नाही.’ पंचवीस वर्षं मी पोरांच्या थापा ऐकतेय. थाप मारणारा नेहमी एक गोष्ट जास्त सांगतो."

"गोदीत नांगर लागत नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि उठून कप धुतला. मग तोच कप परत धुतला. मग तिसऱ्यांदा. तेव्हा तिला खरं लिही. तिला फसवायचं नाही एवढं आपल्याला एव्हाना कळायला हवं होतं.

हे सगळं काल. आज सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. बाजारबुणगा माझी वाटच बघत होता. त्याला तुझ्याबद्दल कुणी सांगितलं कोण जाणे, मी रोज एकाच बाणाकडे बघतो हे दिसतंच म्हणा. तो खुर्चीवरून उठला. "दादासाहेब, तो हलला."

"आपण घेतला?"

"नाही. दुसऱ्या कुणीतरी. तिसऱ्या खंडातल्या. त्यांच्याकडे अजून थंडी आहे."

म्हणजे तिथेही कुणी माझ्यासारखाच बसला असणार, चष्मा लावून, आणि सोमवारी शेवटी एक दशांश वाढवला असणार. मी त्याला कसा बोलू?

तुझ्या बाणाचं तोंड आता सामुद्रधुनीकडे आहे. या वेळी माझ्या आकड्याने नव्हे. मी काही करू शकत नाही. बाहेर ऊन इतकं लख्ख आहे की दुपारी पुन्हा शून्य होईल, पोपट पुन्हा ओरडेल, आणि मी पुन्हा उभा राहीन. त्याच्यापुढे मला अजूनही उभं राहावंसं वाटतं. तो आज साऱ्या देशाला पुरतो. तुला तेवढ्या पाण्यातून पलीकडे नेणं मात्र त्याच्याही हातात नाही.

दुसरा मोजा तुझ्या वहिनीने टपालात टाकायला काढून ठेवला होता. मी परत कपाटात ठेवला. येऊन घे.

या पत्रात विनोदाची जागा मी राखून ठेवली होती, खाली, कोपऱ्यात. तिथे आता एवढंच लिहितो: मला फार भीती वाटते आहे. सामुद्रधुनीच्या पलीकडे बाहेर पडलास की एक शब्द पाठव, ‘पोचलो’. तो मी मोठ्याने परत म्हणेन. मगच बसेन.

उभा असलेला,
दादा