चारच्या बातम्या

काशीगाव, ४ फेब्रुवारी २०२६

चि. निशिगंधास,
अ. उ. आ.

तिकडे लढाईमुळे फोन बंद. तुमच्या ऑफिसातला साहिल म्हणाला, काकू, पत्र द्या, दर आठवड्याला आमचा कॅमेरावाला बदलतो, त्याच्या हाती पोचेल. तीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं, ते आता कामी येतंय.

काल चारच्या बातम्यांत तुला पाहिलं. पडलेल्या शाळेपुढे उभी होतीस, डोक्याला निळा रुमाल. सगळं गेलं, भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू आहे, असं म्हणताना तुझा आवाज कापला. तुझे बाबा शेजारी घोरत होते. जेवतेस ना गं? गळ्याची हाडं दिसतात.

जपून राहा. अनेक आशीर्वाद.
तुझी आई

९ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कुठली शाळा पडली? इथली शाळा धडधाकट उभी आहे. आजच तिथे जाऊन मुलांशी गप्पा मारल्या. घड्याळ आहे खरं, पण मी त्या शाळेची बातमी कधी केलीच नाही. माझा रुमालही पिवळा. मनी वसे ते स्वप्नी दिसे! घोरणारे बाबा एकटे नव्हते, एवढंच म्हणते.

बाबांना नमस्कार.
तुझी निशी

१४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल शाळा पडली. सुट्टी होती म्हणून मुलं वाचली, पहारेकरी गेला. धुळीत माझा रुमाल माखला, तेव्हा दुभाषी बाईंनी स्वतःचा दिला. निळा. कॅमेरा सुरू झाला आणि घड्याळाचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं. ते तुझ्या पत्रातलं आहे हे बोलून झाल्यावर आठवलं.

आई, मी घाबरले आहे. पुन्हा काही दिसलं तर एवढंच बघ, मी इथून जिवंत परत येते की नाही. जे दिसेल ते खरं लिही.

तुझी निशी

काशीगाव, २४ फेब्रुवारी

चि. निशीस,
अ. उ. आ.

दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. लगेच साहिलला फोन केला. तो म्हणाला, काकू, चारला आपल्याकडे बातम्या नसतातच, तेव्हा रेसिपीचा प्रोग्रॅम असतो. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सहा दिवस रोज चारला टीव्हीपुढे बसले. पाच दिवस रेसिपीच होत्या.

आज तू आलीस. केस कापलेस, कानाशी दोन पांढरे झालेत, पण अंगाने भरली आहेस. तू आपल्याच गल्लीत उभी होतीस. शेजारच्या सुलूच्या ओट्यावरची तुळस मी ओळखली. तुझ्या मागे आपलं घर नव्हतं. तिथून थेट मेट्रोचे खांब दिसत होते. तू "माझी आई" एवढंच बोललीस आणि माईक खाली केलास. रडू नये गं अशी, लोक बघतात.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं. तू परत येणार आहेस, धडधाकट. मला तर देव पावला.

तुझ्या बाबांना उद्याच आत्याकडे चेण्याला धाडते. सुलूलाही माहेरी जायला सांगितलंय. पण मी हललेच, तर ते चित्र बदलेल. बदललेल्या चित्रात तू असशील की नाही, कुणास ठाऊक. म्हणून मी घर सोडत नाही. तू मात्र यायची घाई करू नकोस, केसही इतक्यात कापू नकोस, वाढायचे तेवढे वाढू देत.

माया आहे तशीच ठेव.
तुझी आई