एका दिवसात एकच फोन

अप्पा, आई वाचली. तिला घरी आणून आता आठवडा होत आला. मऊ भात आणि पातळ सारू खाते, टीव्हीवरची कन्नड मालिका बघते आणि त्यातल्या सासूला शिव्या घालते, म्हणजे बरीच सुधारली म्हणायची. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनातल्या मनात बोलायची सवयही मोडली होती. पण ही गोष्ट सांगावी असं दुसरं माणूस मला नाही. शेजारणींना सांगितली तर म्हणतील, त्यात काय एवढं, सगळेच करतात. तुम्ही तसं म्हणणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुमचं ते सकाळचं जाणं मला अजून दिसतं. दुकान उघडून शिलाईच्या यंत्रावर बसायच्या आधी तुम्ही सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी जाता. नंजनगूडच्या गाडीने, टी. नरसीपूरच्या बसने आलेली माणसं तिथे भांबावून उभी असतात. तुम्ही त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहता, म्हाताऱ्याला पायरीवर बसवून त्याची जागा धरता, डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर आल्यावर पुन्हा समजावून सांगता. पण रांग मोडून कुणाला पुढे नेत नाही आणि कुणासाठी फोन करत नाही. तुम्ही पक्षाचे कार्यकर्ते, आणि कार्यकर्त्याकडे लोक येतात ते फोनसाठीच. एकदा भाजीवाला आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला होता, बायकोला दवाखान्यात खाट मिळेना म्हणून. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "फोन काही करत नाही मी. पण चल, मी येतो तुझ्याबरोबर, सोबत बसतो." आईने उप्पिटाचं भांडं आदळलं. "अय्यो, त्याला खाट पाहिजे हो! तुमची सोबत घेऊन काय करतो तो? सुम्ने, आपला एक फोन लावा की!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "अगं, फोन लावला की याची बायको खाटेवर जाते. मग जिची पाळी होती ती कुठं जाते? खाट काय फोनमधनं येते?" "ते बघायला अख्ख्या म्हैसुरात तुम्ही एकटेच आहात," आई म्हणाली. तो बिचारा एकदा तिच्याकडे आणि एकदा तुमच्याकडे बघत होता. शेवटी तुमच्याबरोबर गेला, पण पुढच्या खेपेला तो मामांकडे गेला.

मामांकडे सगळेच जायचे. आईचे ते लांबचे भाऊ, तुमचे तरुणपणचे सोबती. दोघेही एकाच समाजवादी पक्षात वाढलात, एकाच चौकात भाषणं केलीत. पक्ष फुटला तेव्हा तुम्ही लहान तुकड्यात राहिलात आणि मामा मोठ्या तुकड्यात गेले, मग त्याहून मोठ्या पक्षात, मग आणखी एकात. दर वेळी नवे झेंडे शिवायला मात्र आपल्याच दुकानात यायचे. तुम्ही मापात झेंडे शिवून द्यायचात आणि वर म्हणायचात, "या खेपेला कच्चाच टाका घालतो रे, उसवायला बरं." मामाही मोठ्याने हसायचे. निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे राहिलात तेव्हा आपल्या गल्लीनेसुद्धा तुम्हाला पाडलं. शेजारच्या काकूंनी मला तोंडावर सांगितलं, "तुझे अप्पा देवमाणूस गे. पण देवाला हात जोडायचे, मत कशाला द्यायचं?" त्या रात्री जेवताना तुम्ही म्हणालात की दवाखाना आपला आहे, आपल्याच घरात शिरायला कुणाचा उपकार कशाला घ्यायचा; आणि खाटा कमी आहेत तोवरच पुढाऱ्याचा फोन मोठा, मग तो खाटा वाढवील कशाला? पुढे शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना हे वाक्य मी माझं म्हणून किती वर्षं खपवलं. मुलांना ते फार आवडायचं.

आणि मग तुमचीच पाळी आली. वॉर्ड भरलेला होता; दोन खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गादी घालून तुम्हाला निजवलं होतं. मामा मोसंबी घेऊन आले, गुडघे दुमडून तुमच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "भावजी, आता तरी ऐका. एक फोन लावतो, अष्टे, बस्स." तुम्हाला धाप लागली होती, तरी म्हणालात, "कुणाला खाली उतरवणार ते आधी सांग. त्याचं तोंड मला दाखव, मग लाव." मामांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच गादीवर गेलात. डॉक्टर म्हणाले, खाट असती तरी फरक पडला नसता. आईने ते कधी मानलं नाही. तुमच्या फोटोला ती रोज फूल वाहते, पण तुमचं बरोबर होतं असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

आता आईचं सांगते. मागच्या महिन्यात तिला न्यूमोनिया झाला. आधी विजयनगरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. माझ्या पेन्शनीची झेप दोन दिवसांची निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सरकारीत आलो. श्वासाच्या यंत्राची खाट हवी होती आणि एकही रिकामी नव्हती. बोळात स्ट्रेचर लागलेले होते. आईच्या शेजारच्या स्ट्रेचरवर नरसीपूरकडची एक बाई होती, माझ्याहून लहानच असेल. दुखणं तेच, आणि आमच्याआधी आलेली. तिचा नवरा टॉवेलने तिला वारा घालत होता आणि मधूनच, ओळखदेख नसताना, आईलाही घालत होता. तरुण डॉक्टरीणबाई धावतपळत आल्या, दोघींना तपासलं आणि म्हणाल्या की खाट रिकामी झाली की आधी ह्यांना, नंतर तुमच्या आईंना. मी मान डोलावली. मला ते अगदी बरोबर वाटलं, अप्पा. तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात असंही वाटलं, आणि त्या बोळातसुद्धा क्षणभर मला बरं वाटलं.

तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. "फोन लाव." मी न कळल्यासारखं केलं. "मामाला लाव." मी म्हटलं, आई, त्यांचा नंबर आधी आहे. तिला बोलवत नव्हतं, तरी एकेक शब्द काढत ती म्हणाली, "तुझ्या अप्पांनी स्वतःला घालवलं ते घालवलं. मला कशाला घालवता गे, दोघं मिळून?"

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. मामा आता फार थकलेत, पण त्यांचा शब्द अजून चालतो. तुमची मुलगी बोलते आहे म्हटल्यावर ते रडायलाच लागले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागितलंस गे बाळा," म्हणाले. थोड्याच वेळात एक खाट रिकामी झाली आणि वॉर्डबॉय आले, ते थेट आईच्या स्ट्रेचरकडे. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याने मात्र पाहिलं, आणि मी वाट बघत होते की हा आता ओरडेल, भांडेल, निदान एखादी शिवी तरी देईल. तो आईचं स्ट्रेचर ढकलायला हात लावत म्हणाला, "निमगे गोत्तिरोरु यारो इद्दारे, ओळ्ळेदाय्तु." तुमच्या ओळखीचं कुणीतरी आहे, बरं झालं. त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही. तुम्ही आयुष्यभर चौकाचौकांतून घसा फोडून सांगितलंत की हे तुमच्या हक्काचं आहे, आणि हा माणूस माझं नशीब चांगलं म्हणून खूश होत होता. आई आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "नमगू ओंदु फोन माड्सि, अक्का." आमच्यासाठीही एक फोन करवा.

मी केला, अप्पा. तिथल्या तिथे, त्याच्यासमोर. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठली म्हणालीस? नरसीपूरकडची? आपला भाग नव्हे गे तो." मी म्हटलं, मामा, ती आईच्या आधी आली होती. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "एका दिवसात दोन फोन लावायचे नसतात बाळा. पहिल्याची किंमत जाते. उद्या बघू हं." त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. धंद्यातली गोष्ट घरच्या पोरीला सांगावी तसं ते बोलत होते. मी त्या माणसाला म्हटलं, सांगितलंय, बघतो म्हणालेत. त्याने आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात त्या जागी दुसरंच कुणी होतं. तो मला बाहेरच्या पायऱ्यांवर भेटला, दोन पिशव्या पायाशी ठेवून गाडीची वाट बघत बसलेला. मला बघून उठला. मी काही विचारायच्या आत त्यानेच विचारलं, अम्मा कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, देव मोठा आहे. मग ती गाडी आली, शववाहिनी. मी तिथेच झाडाखाली उभी राहून रडले, लाज सोडून रडले, आणि येणारे-जाणारे समजले की माझंच माणूस गेलं. कुणीतरी मला पाणीही दिलं.

आज दुपारी भात भरवताना आईने विचारलं, "ती नरसीपूरची, माझ्या बाजूची, तिला मिळाली नव्हे खाट?" मी म्हटलं, मिळाली, आपल्यानंतर लगेच. आईने घास गिळला, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ. तुझ्या अप्पांना उगीचच वाटायचं." मी तिला दुसरा घास दिला.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण वाचून तुम्ही एकच प्रश्न विचाराल, तोच, कुणाला खाली उतरवलंस. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते तुम्हाला सोसणार नाही. तुमचंच खरं होतं, अप्पा, अक्षर न् अक्षर खरं होतं. पुन्हा वेळ आली तरी मी फोन लावणार.