जबल जैसवरची गोधडी

मी, सौ. सत्यभामा भिवा शिगवण, वय वर्षे एकसष्ट, मूळची दापोली तालुक्यातली, हल्ली मुक्काम रोला, शारजा, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. दोन शिगवण भावांच्या मधल्या सीटवर निम्मे आयुष्य काढूनही ते ठिकाणावर राहिले, यासाठी डॉक्टरांचा वेगळा दाखला लागू नये. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला दोघांना एकत्र यावे लागेल, आणि ते दहा वर्षांत एकत्र आलेले नाहीत.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझी मुलगी इरा म्हणते, "आई, यू आर नॉट डाइंग, ओके?" इन्शाल्ला. पण टेबलावर आडवे होण्याआधी पसारा आवरलेला बरा.

टायपिंग सेंटरचा अबरार या कागदाचे अरबी भाषांतर करून घेणार आहे. भाषांतरकाराने टोमणे गाळू नयेत.

कलम पहिले : गाड्या.

माझ्या मालकीच्या दोन तीन-टनी पिकअप आहेत. खोर फक्कानच्या बंदरावरून माल उचलून शारजाच्या गोदामांत टाकणे हा आमचा धंदा. दोन्ही गाड्या आणि कंपनी माझ्या नावावर आहे, कारण पाटीवर आधी कोणाचे नाव यावे हे माझे पती भिवा आणि धाकटे दीर नागेश भाऊजी यांना ठरवता आले नाही.

जुन्या गाडीचे इंजिन साधे. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, हीटर प्लग गरम होईपर्यंत थांबायचे आणि मग खोकत खोकत सुरू व्हायचे. ही आमच्या ह्यांची लाडकी. भाऊजी तिला 'म्हातारी' म्हणतात. नव्या गाडीचे इंजिन लहान, टर्बोवाले, डिझेल कमी पिणारे, पण समोर इतके दिवे की भीती वाटावी. ही भाऊजींची. हे तिला 'नवरी' म्हणतात, कारण जरा काही झाले की रुसते. जेवताना, लग्नांत, अगदी बर दुबईच्या देवळाच्या रांगेतसुद्धा मी या दोन इंजिनांची तुलना ऐकली आहे. पुजारी प्रसाद देत होता आणि हे दोघे टॉर्कवर बोलत होते.

दोन्ही गाड्या मी इराला देत आहे. तिच्याकडे लायसन्स आहे आणि इंजिनाविषयी तिला एकही मत नाही. एवढी लायकी आमच्या घरात दुसऱ्या कोणाची नाही.

कलम दुसरे : घर.

घर भाड्याचे आहे. पुढे चला.

कलम तिसरे : अवजारे.

भाऊजी वेगळे होऊन खोर फक्कानला राहायला गेले तेव्हा पान्यांच्या एकाच संचाची वाटणी झाली. चौदाचा पाना ह्यांच्याकडे, सतराचा भाऊजींकडे. तेव्हापासून एकाला नट काढायचा असला की इराला फोन येतो, "काकाला विचार, पाना मोकळा आहे का." नवीन पाना बाजारात मिळतो, हे दोघांनाही माहीत आहे. सर्व पाने परत एका पेटीत भरावेत आणि पेटी इराने ठेवावी.

कलम चौथे : भांडण.

हे माझ्या मालकीचे नाही, पण मी सांभाळले आहे, म्हणून त्याची नोंद करते.

इथे थंडी म्हणजे जानेवारीतले चार गार वारे. त्यात कोणत्या इंजिनाचा कस लागणार? म्हणून या दोघांनी ठरवले की जबल जैसच्या डोंगरावर जायचे. तिथे पाणी गोठण्याइतका गारठा पडतो. गाड्या रात्रभर वर ठेवायच्या आणि उजाडल्यावर एकाच वेळी सेल्फ मारायचा. ज्याची आधी सुरू होईल तो जिंकला. पंच मी. जगातली माणसे थंडी टाळायला वाळवंटात येतात, आमच्या घरातली थंडी शोधत डोंगरावर गेली.

माझी आई मी विमानात बसायच्या आदल्या दिवशी एक गोधडी देऊन गेली होती. तिच्या स्वतःच्या लुगड्यांची, तिने हाताने शिवलेली. "वाळवंटात गोधडी कशाला?" म्हणून सगळे हसले. आई म्हणाली, "थंडी कुठंही लागते गो." त्यानंतर मी आईला जिवंत पाहिले नाही.

म्हातारीत मधली सीट उचलली की खाली इंजिन. ह्यांनी झोपण्याआधी गुपचूप माझी गोधडी त्या इंजिनावर पांघरली. सकाळी मी रुमाल खाली टाकला. भाऊजींची नवरी एका झटक्यात सुरू झाली. हे घाईला आले आणि गोधडी आत असतानाच सेल्फ मारला. पंख्याने ती ओढून घेतली. माझ्या आईचे लुगडे चिंध्या होऊन गाडीखाली पडताना मी पाहिले. पंचाने काय करायचे असते ते मला सुचले नाही.

एवढ्यात नवरीचा बिघाडाचा नारिंगी दिवा लागला आणि ती चालण्याच्या वेगापुढे जाईना. ह्यांनी चिंध्या उपसल्या, म्हातारी सुरू केली आणि नवरीला दोर बांधून डोंगर उतरवले. भाऊजी म्हणाले, "आधी सुरू माझी झाली." हे म्हणाले, "खाली कोणी आणली?" पुढे मंडळाच्या गणपतीत ह्यांनी त्या दोराचा किस्सा माइकवरून सर्वांना ऐकवला. भाऊजी जेवणाचे ताट ठेवून उठले, ते उठलेच. त्याला दहा वर्षे झाली.

दोघांनाही कोणते इंजिन जिंकले ते आठवते. गोधडीचा शब्द दोघांपैकी एकानेही कधी काढला नाही. मी ऑइल पुसायच्या चिंध्यांच्या डब्यातून एक तुकडा शोधून काढला, तो धुतला. डिझेलचा वास अजून जात नाही.

कलम पाचवे : झडप.

हे म्हणतात धातूची बसव, साधी आणि टिकाऊ. भाऊजी इरामार्फत कळवतात की नव्या पद्धतीची घ्या, वहिनी, जुन्यात राम नाही. डॉक्टरांनी विचारले, पेशंट नक्की कोण आहे? कोणती बसवणार ते मी ठरवले आहे. ते या दोघांना कळू नये.

कलम सहावे : इराला सूचना.

थंडीत पहाटे धुके पडते. चारही इंडिकेटर लावून भरधाव जाणाऱ्यांच्या मागे लागू नकोस. पंपावर थांब, दाट करक चहा पी, धुके आपोआप जाते. तुझे बाबा आणि काका थांबत नाहीत, कारण थांबलो तर इंजिन कमी पडले असे दुसरा म्हणेल. डोंगरातल्या ओढ्याला पाणी असेल तर गाडी घालू नकोस. इंजिन कोणतेही असो, पाणी त्याची तुलना करत बसत नाही.

कलम सातवे : दागिने, साड्या.

सर्व इराला. मीना बाजारातली जांभळी साडी सोडून. ती माझ्या अंगावर घालावी.

कलम आठवे : भिवा आणि नागेश यांना काय.

काही नाही. रागाने म्हणत नाही. अबरार म्हणाला, "आंटी, गवाह को कुछ नहीं मिलना चाहिए. और दोनों गवाह एक साथ सामने बैठेंगे." मला हे फार आवडले. म्हणून दोघांना काही न देता साक्षीदार केले आहे. मला गाड्यांची काळजी नाही. मी गेले तर हे दोन म्हातारे एकमेकांशी न बोलता दोन गावांत एकेकटे मरतील, याची मला भीती वाटते. सोमवारआधी मला ते एका खोलीत हवे आहेत, बास.

सही : सत्यभामा भिवा शिगवण

पुरवणी (त्याच दिवशी, अबरारच्या टेबलावर लिहिलेली)

दोघे आले. मला मधल्या खुर्चीवर बसवले. सह्या झाल्या. कोणी कोणाकडे बघेना. अबरारने पंखा वाढवला. मग भाऊजी खिडकीबाहेर उभ्या म्हातारीकडे बघत म्हणाले, "दादा, आज पहिल्या सेल्फला झाली काय?"

हे म्हणाले, "अर्ध्या."

"अर्ध्या? बॅटरी नवी दिसते."

"बॅटरी तीच. इंजिन आहे ते, मोबाइल नाही."

मग दोघे सुटले. अबरार "यल्ला, यल्ला, चलो, अगला कस्टमर" म्हणून थकला. शेवटी जबल जैसचा विषय निघाला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच दोघांचे एकमत झाले : गोधडी नसती तर निकाल नीट लागला असता. चूक गोधडीची.

मला रडू आले. ते बोलले म्हणून, आणि जे बोलले त्याचा संताप आला म्हणूनही. म्हणून एक कलम वाढवते.

कलम नववे : माझ्या अस्थी गोधडीच्या उरलेल्या तुकड्यात बांधाव्यात आणि खोर फक्कानच्या समुद्रात सोडाव्यात. दोघांनी एकाच गाडीतून जायचे. मला मधल्या सीटवर ठेवायचे. सेल्फ मारण्याआधी एकदा खाली वाकून बघावे.

पुरवणीखाली सही : सत्यभामा भिवा शिगवण

साक्षीदार एक : भिवा शिगवण. (पेनाने लिहिलेले : वाचले. गोधडी आधी काढायला हवी होती. चुकलो. पण गाडी खाली मीच आणली.)

साक्षीदार दोन : नागेश शिगवण. (त्याखाली : पंख्याजवळ टोक लोंबत होते. मला दिसत होते. जिंकायचे होते म्हणून बोललो नाही. वहिनी, सोमवारी मी येतो, दादाच्या गाडीतून.)

स्थळ : शारजा
दिनांक : १५ जानेवारी २०२६