कुशीवर झोप म्हणालास

दि. ९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी इथे लेकीकडे सुखरूप आहे. नातीचा पुढचा दात पडला, तो काडेपेटीत घालून ती घरभर दाखवत फिरते. जावईबापू मला जागचं उठू देत नाहीत. गुडघा बरा आहे. तुझा खोकला थांबला का? कोमट पाणी पीत जा.

झाली ख्यालीखुशाली. आता पत्रास कारण की, तू खोटारडा आहेस.

लेक म्हणाली, आई, जूनमध्ये तुझी झोपेची टेस्ट झाली त्याचा रिपोर्ट दाखव. माझ्याकडे कुठला रिपोर्ट? म्हणून काल दवाखान्यात फोन केला. डोक्याला वायरी चिकटवून मला झोपवणारी ती टेक्निशियन मुलगी फोनवर आली. म्हणाली, "काकू, सहा महिन्यांनी परत टेस्ट करायचीय, भावानं सांगितलं ना?" म्हटलं, घोरण्यासाठी परत कशाला? ती विषय बदलायला लागली. पण मी सोडते होय!

शेवटी बोलली बिचारी. गाढ झोपेत मेंदू दिवसभराच्या गोष्टी जागच्या जागी लावून ठेवतो म्हणे. त्यासाठी दोन तऱ्हेच्या लाटा जोडीनं यायला हव्यात. माझ्या मागेपुढे येतात. मी विचारलं, शिलाई मशीनचा टाका सुटतो तसं? म्हणाली, तसंच काहीसं. हा आजार नाही, पण पुढे काही वर्षांनी स्मरणशक्ती कमी होईल याची ही खूण असू शकते. होईलच असंही नाही. लक्ष ठेवायचं.

आणि तू मला काय सांगितलंस? "ताई, नुसतं घोरणं आहे, कुशीवर झोप." अडीच महिने मी वेड्यासारखी कुशीवर झोपतेय. खांदा धरलाय माझा.

मेंदू माझा, झोप माझी, आणि बातमी तुझ्या ड्रॉवरमध्ये.

रिपोर्ट आणलास त्याच आठवड्यात माझी कात्री धार लावायला गेली. धार लावायला तास लागतो, धाकट्या, महिना नाही. तेवढ्यात कापड कापायच्या टेबलाशी नवा कटिंग मास्तर उभा केलास आणि मला बटणं लावायला बसवलंस. चौतीस वर्षं कापड कापणाऱ्या बाईला बटणं! वर तोंडभर हसून म्हणालास, "ताई, आता आराम कर." मग हवापालटाला इथे पाठवलंस. मला वाटलं, भाऊ किती जपतो. सगळं वर्कशॉप माझ्याकडे कीव आल्यासारखं का बघतं, ते आत्ता कळलं. त्यांना माहीत, लेकीला बहुतेक संशय, फक्त मीच तेवढी बावळट.

कॉलर कापायला तुला मी शिकवलं. पाच वाया घालवल्यास. मी तुझ्या हातातून कात्री काढून घेतली होती का?

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, नाहीतर रागावण्याचा मला हक्क उरत नाही.

मार्चमध्ये दवाखान्याच्या तीस कोटांची ऑर्डर होती, आठवतं? बाह्या कापताना एक थर सुलटा, त्यावर दुसरा उलटा अंथरायचा, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. हे मी डोळे मिटून करते. त्या दिवशी सगळे थर सुलटे अंथरले. साठच्या साठ बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि चूक कुठे झाली तेच मला कळेना. किती वेळ, ते माहीत नाही. मग शिलकी ताग्यातून उजव्या कापल्या. जादा डाव्या माळ्यावर जुन्या पत्र्याच्या पेटीत आहेत. काढून बघ.

घोरण्याचा बहाणा होता. त्या बाह्यांमुळे मी टेस्टला गेले. तुला बोलले नाही, कारण तू कात्री काढून घेशील याची भीती वाटली. तू तेच केलंस.

म्हणजे तूही लपवलंस आणि मीही. एकाच आईची ना आपण.

रविवारी मी परत येतेय. माझी कात्री, मुठीला चिंधी गुंडाळलेली, टेबलावर हवी. मास्तरला काढू नकोस, त्यालाही पोट आहे. मी अंथरलेले थर त्यानं तपासावेत, माझ्यासमोर, माझ्या पाठीमागे नाही. डिसेंबरच्या टेस्टला तू बरोबर ये, पण डॉक्टरांच्या खोलीत पहिली मी जाणार.

आणि खरंच हात थांबवायची वेळ आली, तर तूच सांग. तोंडावर. मी भांडेन, रडेन, तरी सांग. दुसऱ्या दिवशी मी विसरले, तर परत सांग.

हे पत्र फाडू नकोस. कधी मी म्हणाले की मला कुणी काही सांगितलंच नाही, तर हे माझ्या हातात दे. अक्षर मी ओळखेन. नाही ओळखलं, तर वाचून दाखव, पण एक ओळही गाळू नकोस.

तुझी, पूर्ण शुद्धीत रागावलेली,
ताई