चिठ्ठ्यांच्या कपाटाचा वारस

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांची निवृत्त संपादक, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी एका लग्नाहून परतल्यावर रागाच्या भरात लिहिले होते, ते रद्द समजावे.

कलम एक. जिन्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या धाकट्या बहिणीला. तीस वर्षे ती माझ्यासोबत राहिली आणि एकदाही "ताई, तुझं चुकतंय" असे म्हणाली नाही. फक्त भांडी आदळली. भांडीही तिलाच.

कलम दोन. टंकलेखन यंत्र बहिणीच्या मुलाला. त्याची 'एस'ची कळ अडकते. इंग्रजीत मालकी दाखवायला तीच लागते आणि मी ती चाळीस वर्षे दाखवत आले, त्यामुळे झिजली आहे.

कलम तीन. थोरल्या वहिनींना माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाची कोरी प्रत. "चिठ्ठ्या जमवून कुणाचं भलं झालंय?" असे त्यांनी भरल्या घरात विचारले होते. त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे, आणि बहिणीने मधूनमधून प्रश्न विचारावेत.

कलम चार. लाकडी शिडी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना. तशीही ती सहा वर्षे त्यांच्याकडेच आहे.

कलम पाच. बेचाळीस खणांचे कपाट, आतल्या सर्व चिठ्ठ्यांसह. या कलमासाठीच मी हा सगळा घाट घातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजीत आधी कोणाची तरी एखादी गोष्ट येते आणि मग तिच्या मागे 'टू', 'फॉर', 'ऑन', 'विथ' असे काहीतरी येऊन बसते. 'द विडोज क्लेम टू द हाऊस', म्हणजे विधवेचा घरावरचा हक्क. 'द कुक्स क्वारल विथ द बेकर'. मराठीत 'आचाऱ्याचे बेकरीवाल्याशी झालेले भांडण' म्हणताना मध्ये 'झालेले' घालावे लागते. इंग्रजाचे त्यावाचून अडत नाही. कोणत्या नामामागे काय येते याला एक शिस्त आहे असे माझे म्हणणे, आणि ते सिद्ध करायला मी वर्तमानपत्रे, पत्रे, दुकानांच्या पाट्या यांतून चाळीस वर्षे वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून घेतली.

कार्यालयात माझ्या समोरच्या टेबलावर मुख्य मुद्रितशोधक बसत. सगळे त्यांना 'लाल पेन्सिल' म्हणत. मी या विषयावर अकरा पानांचे प्रकरण लिहिले. त्यांनी ते तीन ओळींवर आणले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, असलं लोक चुकून लिहितात. चुकांचं प्रकरण कशाला?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांच्या निवृत्तीपर्यंत एकोणीस वर्षे आम्ही समोरासमोर बसलो, आणि मला काही सांगायचे असले की मी खिडकीला सांगत असे.

कपाट तेव्हा कार्यालयातच, माझ्या खुर्चीमागे असे. पुढच्याच महिन्यापासून माझ्या खणांत परक्या चिठ्ठ्या सापडू लागल्या. मी चिठ्ठ्या कात्रीने कापते. या पट्टी धरून फाडलेल्या होत्या. अक्षर मुद्दाम बदललेले, पण प्रत्येकीखाली पुस्तक, आवृत्ती, पान आणि ओळ. ओळीचा आकडा लिहिल्याशिवाय चैन न पडणारा माणूस आमच्याकडे एकच होता. अशा चारशे बारा चिठ्ठ्या आल्या, आणि एकूण एक माझ्या बाजूचा पुरावा. मी त्या मुकाट्याने जागच्या जागी लावल्या.

एकीखाली मात्र उगम नव्हता. 'ए मॅन्स रिग्रेट फॉर हिज रूडनेस'. एका माणसाला आपल्या उर्मटपणाबद्दल वाटणारा पश्चात्ताप. मी हे वाक्य पंधरा दिवस पुस्तकांत शोधले, मग ट्यूब पेटली. तरीही मी बोलले नाही, कारण तोवर अबोला अंगवळणी पडला होता आणि मला त्याची ऐट वाटत होती. त्यांच्या निरोपाच्या दिवशीही मी मुद्रितांच्या गठ्ठ्यात डोके खुपसून बसले. ते माझे चुकले, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. ती चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या घरात आहे.

तरी हे कपाट 'लाल पेन्सिल' यांना द्यावे. आता गंमत अशी की वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, ज्यांना काही द्यायचंय त्यांना साक्षीला बोलवू नका. त्यांनी सही केली की त्यांना ते मिळत नाही." हे ऐकताच मी साक्षीचे पत्र त्यांनाच धाडले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण हे गृहस्थ बाटलीवरचे लेबल तपासल्याशिवाय खोकल्याचे औषधही घेत नाहीत. हे कलम ते वाचणारच. वाचूनही त्यांनी सही केली, तर त्यांना ते नको असे समजून कपाट भाच्याला जावे. त्याने स्क्रू ठेवायला खणांची मापे घेऊन ठेवली आहेत. चिठ्ठ्या मग रद्दीत जातील, आणि मी तक्रार करायला नसेन.

कलम सहा. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्यामागे भाषणे करू नयेत.

पुरवणी, सह्या होण्यापूर्वी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. गृहस्थ साडेदहाला काठी टेकत आले. पाऊण तास वाचत होते. कलम पाचपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि साक्षीदारांच्या यादीतले स्वतःचे नाव लाल रेघ मारून खोडले.

"मी सही करत नाही," ते म्हणाले. "मला कपाट हवंय."

"त्यासाठी मला मरावं लागेल," मी म्हणाले. अबोला धरल्यापासून त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले वाक्य.

"घाई नाही, बाई. तोवर दोघं मिळून 'विथ'चा खण नीट लावू. त्यात तुमचा घोळ आहे."

घोळ नाही. यावर उद्या सकाळी दहाला भांडण ठरले आहे. मी चष्म्याच्या घरातली चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. वाक्याखालच्या रिकाम्या जागी त्यांनी लिहिले, 'उगम: मी.' बहिणीने ओट्यापाशी जाऊन भांडी लावली, या वेळी अगदी हळू.

साक्षीदार कमी पडल्यामुळे तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना वर बोलावले आहे. ते सही करणार, म्हणून कलम चार रद्द. शिडी आजच परत आणून द्यावी. हे त्यांना सही झाल्यावर सांगेन.

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार एक: समोरच्या घरातल्या परिचारिका (सही)
साक्षीदार दोन: तळमजल्यावरचे शेजारी (सही)
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ मार्च, मंगळवार

समासात, लाल अक्षरांत: वाचून तपासले. स्वल्पविराम दोन वाढवले. एकही ओळ कापलेली नाही.