चुन्याच्या रेषेवरचा चेंडू

चांदा. डिसेंबर १९५८, रविवार.

आज खाणीच्या साहेबांच्या क्लबात दोन बायकांचा टेनिसचा सामना झाला. दुपारी दोनला सुरू झाला, चारच्या आत संपला. मी मागच्या रेषेचा पंच होतो. पावणेपाचला खोलीवर आलो.

माय, तुला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला कधी काही लिहिलं नाही, आणि तू असतीस तरी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. आज मात्र तुलाच सांगायचं आहे.

टेनिस म्हणजे मधे जाळी बांधून दोन बाजूंनी चेंडू मारायचा खेळ. ह्या दोघी गावोगाव फिरून पैशांवर खेळतात, तोच त्यांचा पोटाचा धंदा. एक तरुण, गोरी, परदेशातली. दुसरी आपल्याकडची, सावळी, चाळिशीच्या आसपासची, गुडघ्याला पट्टी बांधलेली. क्लबाचं मैदान शेणामातीनं सारवलेलं असतं आणि त्यावर चुन्याच्या रेषा. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे सांगायला प्रत्येक रेषेशी एक माणूस बसवतात. आमच्या कचेरीतले बडे बाबू म्हणाले, "तू तसाही बोलत नाहीस. तुला एकच शब्द बोलायचा आहे." मग सगळ्यांदेखत म्हणाले, "नजर रेषेवर ठेवजो बाबू, वर नको जाऊ देऊ." मागे बसलेले हसले. मीही हसलो, पण कान तापले.

माझी खुर्ची रेषेपासून तीन हातांवर होती. इतक्या जवळून मी कुठल्याच परक्या बाईला पाहिलेलं नाही. त्यांचे बूट मातीवर घासल्याचा आवाज येत होता, श्वास ऐकू येत होता. सावळी बाई चेंडू मारताना दर वेळी हळूच हुंकार देत होती, तू भाताचा भारा डोक्यावर घेताना द्यायचीस तसा. दोघींचे पांढरे झगे गुडघ्याच्या वर. पहिला अर्धा तास मी रेषेकडे आणि माझ्या बोटांकडेच पाहिलं. नंतर खेळ इतका रंगला की भान राहिलं नाही, मी पाहू लागलो. सावळी बाई धावण्यात कमी पडत होती, पण चेंडू कुठे टाकायचा ते तिला ठाऊक होतं. पहिला डाव तिनं घेतला, दुसरा गोरीनं.

तिसऱ्या डावात गोरीला जिंकायला एक पॉइंट हवा होता. तेव्हा सावळीनं चेंडू लांब, माझ्या कोपऱ्यात मारला. गोरी त्याच्यामागे धावत आली आणि अगदी माझ्यासमोर वाकली. तिचा झगा उडाला. मागे कोणीतरी खाकरलं. माय, मी मान खाली घातली. चेंडू टप्प पडल्याचा आवाज फक्त ऐकला.

वर पाहिलं तर सगळे माझ्याकडे पाहत होते. उंच खुर्चीवर मुख्य पंच म्हणून बसलेले मॅनेजर साहेबही. मला दिसलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तसं म्हटलं असतं तर पॉइंट पुन्हा खेळवला असता. पण मग का दिसलं नाही ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "आऊट."

पॉइंट गोरीला गेला, सामना संपला. लोक टाळ्या वाजवू लागले. सावळी बाई जाळीला वळसा घालून माझ्यापाशी आली. मातीवर चेंडूचा वण उठला होता, त्याकडे तिनं बॅट दाखवली. साहेबांनी वरूनच इंग्रजीत विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना?" मी म्हणालो, "येस सर." तिनं मला हळू आवाजात विचारलं, "बाबूजी, आपने देखा था?" मी हो म्हणून मान हलवली. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि गोरीशी हात मिळवायला गेली. भांडली नाही.

चहाच्या वेळी बडे बाबूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "नजर पाहा आपल्या बाबूची, साहेबाले पण हटला नाई." मी चहा घेतला नाही. मैदान सारवणारी म्हातारी लुगडं खोचून झाडू घेऊन आली होती, तिच्या मागे गेलो. ती माझ्याच कोपऱ्यात उभी होती.

"बाबू, हे पाहा, चुना उडला हाये. चेंडू रेषेवरच पडला."

मी वाकून पाहिलं.

"तुमाले कसं दिसन? तुम्ही तं खाली पाहून राह्यले होते," ती म्हणाली. "काऊन? ते बाई काम करून राह्यली होती ना." मग तिनं झाडू फिरवला आणि वण गेला.

तुझेच शब्द होते ते, माय. भाताच्या रोवण्याचे दिवस होते. मी शाळेतून दोन मित्रांबरोबर बांधावरून येत होतो. तू चिखलात उभी, लुगडं मांड्यांपर्यंत खोचलेलं, हातात रोपांची जुडी, आपले परे. तू हाक मारलीस. मित्र म्हणाला, "ते बाई तुले हाका मारून राह्यली." मी म्हणालो, "मले नाई, दुसऱ्या कोनाले मारत असन." आणि खाली पाहत पुढे गेलो. संध्याकाळी तू ताटात लाखोरीच्या डाळीचे वडे वाढलेस. आम्हा तिघांसाठी पानात बांधून शेतावर आणले होतेस, गार होऊन कडक झाले होते. "हाक ऐकू नाई आली का रे?" मी म्हणालो, "मी तुले पाह्यलंच नाई." तू म्हणालीस, "कसा पाहशीन, खाली पाहून चालून राह्यला होता. काऊन? मी काम करून राह्यली होती, चोरी नाई." पुन्हा कधी तू तो विषय काढला नाहीस. मला शेतावरून हाकही मारली नाहीस.

निघताना त्या दोघी जीपमध्ये बसल्या होत्या. सावळी बाई गुडघ्याची पट्टी सोडत होती. मी जवळ गेलो. तिनं वर पाहून नमस्ते केलं. मीही नमस्ते केलं, आणि जीप निघून गेली. उद्या साहेबांना सांगेन म्हणतो. सांगेन की नाही, ते मला ठाऊक नाही.

कचेरीच्या वहीचं पान आहे हे, वहीतच राहील. त्या दिवशी मी तुला पाहिलं होतं, माय. लांबूनच ओळखलं होतं, तू हाक मारायच्या आधी.

अजून थोडा उजेड आहे. तांदूळ ताटात घेतले आहेत, दारात बसून खडे निवडतो.